गाडीत तोंड दिसता कामा नये

आमच्या घरात नुसतं 'गाडी' म्हटलं की ती एकच, १९६२ ची टाटा-मर्सिडीज. मोटार, पिकअप, ट्रॅक्टर यांचा उल्लेख आपापल्या नावानं होतो. नाक पुढे आलेला, जाळीवर तारा मिरवणारा हा ट्रक आजोबांनी कोल्हापूरचा गूळ गुजरातेत पोचवायला घेतला होता. टाटांच्या टेल्को कंपनीनं जर्मनीच्या डायमलर-बेंझशी (मर्सिडीजवाल्यांशी) करार करून १९५४ पासून जमशेदपुरात ट्रक बांधायला घेतले. १९६९ ला तो करार संपला आणि तारा जाऊन टाटांचं 'टी' आलं. ताऱ्याच्या गाड्या आता एकतर भंगारात गेल्या, नाहीतर कुणाच्या तरी शेडमध्ये कोंबड्या बसायला राहिल्या. आमची दुसऱ्या गटातली.

इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे सगळं माझ्या चुलतभावानं, म्हणजे दादानं, उद्यमनगरातल्या ओळखीच्या वर्कशॉपांतून करून घेतलं. त्यातलं मला काही कळत नाही. रंगाची वेळ आली तेव्हा मात्र सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये शेड मॅचिंग करते. गिऱ्हाइकानं आणून दिलेल्या चिंधीबरहुकूम रंग काढून देणं हा माझा रोजचा धंदा. कापडात लोक शेडवरून भांडतात. पत्र्याच्या बाबतीत चमकेवरून भांडायला हवं, हे मत माझं या कामात झालं आणि अजून तेच आहे. रंग अगदी तंतोतंत असलेले जुने ट्रक मी पाहिलेत, तरी ते नकली वाटतात. का, ते पुढे सांगते.

पण आधी शेडच. 'ओरिजिनल कर' असं ज्यानं त्यानं सांगितलं. सांगायला सोपं आहे. त्या काळात (आणि नंतरही पुष्कळ वर्षं) ट्रक कारखान्यातून बाहेर पडायचा तो चॅसी, बोनेट, काउल आणि पुढची मडगार्डं एवढाच. केबिन आणि हौदा गावोगावचे बॉडीवाले बांधायचे. आमची केबिन कोल्हापुरातच बांधलेली, सागवानी सांगाडा आणि वरून पत्रा. म्हणजे कंपनीचा रंग असलाच तर तो फक्त नाकावर. मागच्या निम्म्या गाडीला 'ओरिजिनल' रंग कंपनीनं कधी दिलाच नव्हता.

थर मोजायची रीत सोपी आहे. बोनेटच्या कडेला वाटीएवढी जागा धरायची, पाणी घालत वॉटर पेपरनं मधोमध पत्र्यापर्यंत घासायचं आणि मग बारीक पेपर घेत बाहेरच्या बाजूला उतार देत जायचं. झाडाच्या बुंध्यातल्या वर्तुळांसारखी एकेका रंगाची कडी उघडी पडते. आमच्या बोनेटवर सगळ्यांत वर नारंगी, त्याखाली पिवळा, मग दोन निळे, मग हिरवा, मग राखाडीकडे झुकणारा फिकट निळा, मग अस्तर, मग लोखंड. हे काम ओलंच करायचं, सुकं घासायचं नाही. जुन्या पिवळ्या आणि नारंगी रंगांत शिशाचं क्रोमेट असायचं आणि गंज धरू नये म्हणून लावलेल्या अस्तरात शेंदूर. शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. भारतात रंगातलं शिसं ९० पीपीएमवर (दहा लाखात ९० भागांवर) आणणारा नियम २०१६ चा, तोही घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता. साठ वर्षांपूर्वीच्या ट्रकची धूळ नाकात जाऊ द्यायचं काही कारण नाही. दादा आधी हसला, मग मुकाट्यानं मास्क लावून बसला.

केबिनच्या दारावर अशीच खिडकी पाडली आणि गंमत झाली. तिथं सगळ्यांत खालचा थर हिरवा. अस्तर सोडलं तर बोनेटवरचा पत्र्याकडून दुसरा थर तोच दारावरचा पहिला. म्हणजे नाक कारखान्यातून राखाडी-निळं आलं, बॉडीवाल्यानं केबिन बांधली आणि सगळी गाडी एकसारखी दिसावी म्हणून नाकासकट हिरवी करून आजोबांच्या ताब्यात दिली. कंपनीच्या रंगात ही गाडी जमशेदपूर ते कोल्हापूर एवढीच चालली असणार.

घरातलं एक जुनं भांडण यानं मिटलं. आत्या म्हणायची गाडी हिरवी होती, घरातले थोरले आप्पा म्हणायचे निळी. दोघंही खरे. आत्या १९७० च्या आधी लग्न होऊन सांगलीला गेली. आप्पा गाडीवर बसायला लागले ते त्यानंतर, निळ्या रंगाच्या काळात. आता प्रश्न शेडचा राहिलाच नाही, सालाचा झाला. गाडी कुठल्या वर्षीची दिसायला हवी? आप्पांनी स्वतःहून हिरव्याला कौल दिला. म्हणाले, "निळी माझी हुती. गाडी आबांची हाय." आबा म्हणजे आजोबा.

हिरवा ठरला तरी कुठला हिरवा? झाकलेल्या जागेतला नमुना घ्यावा, कारण तिथं ऊन पोचत नाही, असं सगळे सांगतात. मीही तसंच केलं. केबिनच्या आतल्या भिंतीवर चॅसी नंबरची पट्टी रिव्हेट करून बसवलेली होती, तिच्याखालचा हिरवा काढला. तो निघाला मळकट, शेवाळी, जवळजवळ ऑलिव्ह. इथं मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट उपयोगी पडली. तेलावर आणि अल्किडवर आधारलेला रंग, म्हणजे आपलं सिंथेटिक एनॅमल, उन्हात फिका पडतो हे खरं. पण अंधारात कोंडला तर तो पिवळा पडतो आणि उजेडात ठेवला की त्यातला बराचसा पिवळेपणा निघून जातो. मी तो तुकडा घराच्या दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवून दिला. हळूहळू शेवाळीपणा उतरला आणि त्यातला निळा वर यायला लागला. दुसरीकडे दाराच्या उघड्या भागावरचा हिरवा कंपाउंडनं घासून त्यावरची पांढुरकी भुकटी काढली. ही दोन टोकं एकमेकांच्या पुरेशी जवळ आली तेव्हा नमुना पक्का केला.

ऑलिव्हपासून लांब जाणं मला तसंही भाग होतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे, इतर कुणी गाडीला तो लावू शकत नाही. आमच्या आरसीवर शेवटची नोंद नारंगीची आहे. रंग बदलला की आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. तिथल्या साहेबांपुढे 'हा ऑलिव्ह नव्हे, पिवळा पडलेला ब्रन्सविक आहे' असं व्याख्यान द्यायची माझी इच्छा नव्हती.

ब्रन्सविक हिरवा जुन्या काळी क्रोम पिवळा आणि प्रशियन निळा मिसळून करायचे. आज रंगाच्या दुकानातलं टिंटिंग मशीन तीच शेड फ्थॅलोसायनिन (हल्लीचं निळं-हिरवं रंगद्रव्य), काळा आणि बिनशिशाचा पिवळा यांतून काढतं. उन्हात दोन्ही एकसारखे दिसतात. ट्यूबलाइटखाली धरले की नवा निळसर होतो आणि बल्बच्या उजेडात आणखी तिसराच. कापडात हा वाद रोजचा आहे, साडीला जोडलेला ब्लाउजपीस दुकानात जुळतो आणि घरी जुळत नाही तो यामुळेच. आमच्या लाइट बॉक्समध्ये तिन्ही उजेडांत नमुने बघितले आणि फक्त दिवसाच्या उजेडात जुळेल असं सूत्र काढलं. ट्रक काही ट्यूबखाली उभा राहत नाही. दुकानदार मात्र शेडकार्डावरचं एक घर निवडा म्हणून मागे लागला होता. तेवढ्याशा तुकड्यावर जो रंग शांत दिसतो तो बोनेटभर पसरला की अंगावर येतो, त्यामुळे मी पाव लिटरचं सॅम्पल काढून जुन्या दरवाजाच्या पत्र्यावर मारून बघायचा हट्ट धरला. दोनदा थोडा थोडा काळा वाढवला तेव्हा मनासारखं झालं.

इथपर्यंत मी माझ्या मुलखात होते. चमकेचा विषय निघाला आणि पेंटर मिस्त्री माझे गुरू झाले. साठीच्या पुढचा माणूस, ट्रक आणि एस.टी. दोन्ही रंगवलेला. पण पहिल्या भेटीत तेही म्हणाले, "ताई, बेसकोट-क्लिअर मारू. शोरूममधनं काढल्यावानी दिसंल." बेसकोट-क्लिअर म्हणजे खाली नुसती शेड आणि वरून पारदर्शक पॉलियुरेथेनचा जाड थर. आजच्या बहुतेक गाड्या अशाच रंगवतात. त्या चमकेला खोली असते, रंग काचेखाली ठेवल्यासारखा. जुन्या एनॅमलमध्ये शेड आणि चमक एकाच थरात असायची, त्यामुळे उजेड वरच्यावर पसरायचा. १९६० च्या दशकातल्या ठोकलेल्या, किंचित लाटा असलेल्या पत्र्यावर क्लिअर मारलं की प्रत्येक लाट ओरडून सांगते. ती लपवायला मग लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची, परत भरायची. गाडी गुळगुळीत होत जाते आणि शेवटी ट्रक राहत नाही.

हे माझं नुसतं मत असतं तर मिस्त्रींनी ऐकलं नसतं. माझ्याकडे पुरावा होता. शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानासमोर काढलेला गाडीचा कृष्णधवल फोटो आमच्याकडे आहे. कृष्णधवल फोटोतून शेड कळत नाही म्हणून तो सगळ्यांनी बाजूला टाकला होता. पण त्यात टप उरलेल्या केबिनपेक्षा उजळ आहे, मडगार्डं गडद आहेत, दारावर एक बारीक रेघ आहे हे स्पष्ट दिसतं. आणि बोनेटवर आकाशाचं जे प्रतिबिंब पडलंय त्याची कड धूसर आहे. शेजारच्या दुकानाची पाटी बोनेटवर वाचता येत नाही. गाडी तेव्हा नवीकोरी होती.

मिस्त्रींनी फोटो लांब धरून बघितला आणि म्हणाले, "ब्रशचा हाय ह्यो. बरा मारलाय, पण ब्रशचा."

मग आम्ही जुन्या दरवाजाच्या पत्र्यावर चौकोन पाडले आणि एकच हिरवा वेगवेगळ्या जातींत मारला. सिंथेटिक एनॅमल. नायट्रोसेल्युलोज लॅकर, ज्याला गॅरेजवाले अजून ड्युको म्हणतात. एका थरातलं पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू, पूर्ण चमकेचं. तेच पीयू, पण त्यात मॅटिंग पेस्ट घालून चमक थोडी उतरवलेलं. आणि मिस्त्रींच्या समाधानासाठी बेसकोट-क्लिअर.

ड्युको लगेच बाद झाला. पावसाळ्याचे दिवस होते. थिनर भराभर उडतं तेव्हा पत्रा गार होतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि रंगावर दुधी झाक येते. सावकाश उडणारं रिटार्डर थिनर घालून ती घालवता येते, पण लॅकरला नंतर हातानं कंपाउंड आणि पॉलिश लागतंच. एवढ्या मोठ्या बोनेटला ते करायचं तर दादाचा खांदा उतरला असता. शिवाय लॅकरचं थिनर इतकं कडक की खाली जुनं एनॅमल राहिलं असेल तर ते सुरकुतून उठतं. खाली काय आहे ते ओळखायची युक्ती मिस्त्रींनी दाखवली. थिनरमध्ये बुडवलेली चिंधी रंगावर दाबून धरायची. लॅकर असेल तर विरघळून चिंधीला लागतो, एनॅमल असेल तर फुगून सुरकुततो, पीयू असेल तर ढिम्म राहतो. आमच्या नारंगी थरानं मिनिटाभरातच सुरकुत्या दाखवल्या, तेव्हा सगळे थर उतरवायचे हेही ठरून गेलं. चॅसीला सँडब्लास्टिंग, बोनेट आणि मडगार्डांना रंग काढायचं केमिकल, कारण वाळूच्या माऱ्यानं पातळ पत्रा वाकतो.

एनॅमल माझं आवडतं होतं. दिसायला तेच खरं होतं. पण आप्पांनी एक अट आधीच घातली होती, चैत्री यात्रेला गाडी वाडी रत्नागिरीला, जोतिबाला न्यायची. यात्रा म्हणजे गुलाल, आणि तो बोटभर नव्हे, पोतीच्या पोती. तेव्हा माझ्यातल्या रंगवालीनं घरच्या घरी एक चाचणी घेतली. सगळे चौकोन पूर्ण वाळू दिले, त्यांच्यावर गुलाल पाण्यात कालवून थापला, दिवसभर उन्हात ठेवला आणि मग साध्या साबणानं धुतला. क्लिअर आणि चकचकीत पीयू स्वच्छ निघाले. एनॅमलवर गुलाबी डाग राहिला, घासूनही गेला नाही. चमक उतरवलेल्या पीयूवर अगदी पुसट झाक राहिली, ती दुसऱ्या धुण्यात गेली. थर जितका खरखरीत तितका गुलाल धरून बसतो, यात नवल काही नाही. एनॅमल नाकावरून आणि केबिनवरून गेलं ते असं जोतिबामुळे.

उरले तीन. तो पत्रा मी अंगणात पायरीला टेकवून ठेवला. आप्पा चहा घेत त्याच्यासमोर बसले. शेडबद्दल चकार शब्द नाही. क्लिअरच्या चौकोनात वाकून बघितलं, मग चकचकीत पीयूत बघितलं आणि म्हणाले, "ह्यात माझं तोंड दिसतंय. आपल्या गाडीत कधी तोंड दिसलं न्हाई बघ." मिशीवरून हात फिरवून तिसऱ्या चौकोनाकडे बोट केलं. "ह्यो."

चमक मोजायचं यंत्र असतं. रंगावर ठराविक कोनातून उजेड टाकून परत किती येतो ते मोजतं, नेहमीचा कोन ६० अंशांचा. एका रंगाच्या कंपनीच्या माणसाकडे ते होतं. क्लिअर नव्वदच्या वर गेलं. आप्पांचा चौकोन सत्तरच्या जरा खाली. दाराच्या आतल्या बाजूचं जुनं एनॅमल, घासून साफ केलेलं, साठच्या आसपास. आप्पांच्या मिशीचं आणि यंत्राचं जुळलं म्हणायचं.

पण उतरवलेली चमक हा नाजूक मामला आहे, आणि हे कुणी आधी सांगत नाही. मॅटिंग पेस्टमध्ये सिलिकाची बारीक पूड असते. ती वरच्या थरात येऊन उजेड विखुरते. डबा नीट ढवळला नाही की ती तळाला बसते आणि पहिल्या पत्र्याची चमक एक, शेवटच्याची दुसरी. गनचा फेरा कमी-जास्त पडला, एका जागी थर जाड झाला, तर तिथं वेगळा पट्टा दिसतो. वर कचरा बसला तर कंपाउंड मारून काढता येत नाही, कारण घासलं की तेवढाच भाग चमकायला लागतो. ठिगळ लावता येत नाही, अख्खं पॅनेल परत मारावं लागतं. म्हणून आम्ही फक्त थोडी उतरवली, पार मॅट केली नाही. हल्ली जुन्या गाड्या पार मॅट करायची हौस बोकाळली आहे. ती चांगली दिसते, नाही असं नाही, पण १९६२ मध्ये ट्रकमालकाला कुणी मॅट गाडी दिली असती तर त्यानं ती परत धाडली असती. त्याला चमकच हवी होती. त्या काळी मिळत होती तेवढीच आम्ही दिली.

प्रत्यक्ष रंगकाम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण नीट झालं. इपॉक्सी प्रायमर, जिथं लागेल तिथंच लांबी, सरफेसर, घासकाम, मग रंगाचे हात. कॉम्प्रेसरच्या पाइपला पाणी अडवणारी बाटली लावली. मिस्त्री रुमाल बांधून पीयू मारायला निघाले होते, ते मी चालू दिलं नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांत जात राहिलं तर कायमचा दमा मागे लागतो आणि रुमालाला ते जुमानत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क भाड्यानं आणला. मिस्त्री त्यात कुरकुरले. दुसऱ्या दिवशी मात्र रात्री खोकला आला नाही, असं आपणहून सांगितलं.

हिरवा कुठं थांबतो, हाही निवडीचाच भाग. टप क्रीम, आयएस ५ या भारतीय मानकातल्या रंगांच्या यादीतला ३५२ नंबरचा पेल क्रीम. फोटोत उजळ दिसतो म्हणून, आणि क्रीम टपाखाली केबिन कमी तापते म्हणूनही. मडगार्डं काळी. चॅसी काळी, पण जवळजवळ बिनचमकेची, कारण चकचकीत चॅसी दिसली की गाडी कधी कामाला गेलीच नाही असं वाटतं. चाकांच्या रिंगा लाल, त्याच यादीतला ५३७, सिग्नल रेड. दादाला सोनेरी पिवळ्या हव्या होत्या. घासलेल्या रिंगेच्या खोबणीत लाल सापडला तेव्हा तो गप्प झाला. रिंगा रंगवणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते. नट जिथं बसतात ती जागा आणि रिंग जिथं हबला टेकते ती जागा झाकून रंगवा. तिथं रंगाचा जाड थर राहिला तर चालताना तो दबतो आणि कसलेले नट ढिले होतात.

जाळीवरचा तारा आम्ही चमकवला नाही. पुन्हा क्रोम करून देतो म्हणणारे दोघे भेटले. तो घासून पुसून होता तसा बसवला.

हौद्याची गोष्ट वेगळी. तो आमच्या गाडीचा मूळचा नव्हेच. नव्वदीच्या सुमाराला आप्पांनी कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या ट्रकचे फाळके आणून बसवले होते. त्यावर नारंगीखाली तपकिरी आणि कडेला रुंद पांढरा पट्टा निघाला. नॅशनल परमिटच्या, म्हणजे देशभर माल न्यायचा परवाना असलेल्या, गाडीचा हा तेव्हाचा सरकारी गणवेश, केंद्रीय मोटार वाहन नियमांत शब्दशः लिहिलेला: 'सुक्या पानाचा' तपकिरी आणि ३० सेंटीमीटर रुंदीची पांढरी किनार. कायद्यात सुकं पान सापडलं याचा मला फार आनंद झाला होता. पण आमची गाडी त्या परमिटवर कधी नव्हती, म्हणून तो गेला. फाळके लाकडी. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आक्रसतं आणि टणक पीयू त्याच्यावर तडकतं. इथं सिंथेटिक एनॅमलच, आणि तेही ब्रशनं. मिस्त्रींनी पुतण्याला बाजूला सारून स्वतः मारलं. हौद्याच्या आत रंग नाहीच, बेल तेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे, दोन हात. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या आपोआप तापतात आणि पेटतात. आम्ही त्या दोरीवर पसरून वाळवल्या.

त्याच्या आधी एक काम उरलं होतं. मागच्या फाळक्यावरची एक फळी मात्र आपल्या जुन्या हौद्याची, असं आप्पा म्हणत होते. अंधारात त्या फळीवर बाजूनं टॉर्च मारला. जिथं अक्षरं होती तिथलं लाकूड रंगाखाली झाकलेलं राहिलं, बाकीचं झिजलं, त्यामुळे अक्षरं उठून आली: '...तिबा प्रस...'. बाकीचं काय असणार ते कोल्हापुरातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

पाटीचं काम मिस्त्रींनी आपल्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या पेंटरकडे दिलं. बाबूराव मेस्त्री ज्या गावात 'बाबूराव पेंटर' म्हणून अमर झाले तिथं ब्रशनं अक्षर काढणारा शोधायला इतके फोन करावे लागले याचं वाईट वाटलं. आता सगळे स्टिकर कापून देतात. या बाबांनी आधी खडूची सुतळी मारून रेघा आखल्या, मग लांब केसांच्या बारीक ब्रशनं दारावरची क्रीम रेघ एका दमात ओढली. केबिनच्या कपाळावर 'पब्लिक कॅरिअर', पिवळ्यात, लाल सावली देऊन. १९३९ च्या मोटार कायद्यात भाड्यानं माल नेणाऱ्या गाडीला हेच नाव होतं, आणि फोटोत ते आहे. मागे 'श्री जोतिबा प्रसन्न'. 'हॉर्न ओके प्लीज' हवं असा मुलांचा आग्रह होता. फोटोत मागची बाजू दिसत नाही आणि महाराष्ट्रात २०१५ पासून ते लिहायला बंदी आहे, तेव्हा ते राहिलं. अक्षरांसाठी एनॅमलच वापरलं, पूर्ण चमकेचं. हिरव्याची चमक उतरवलेली असल्यानं ती अक्षरं जरा उठून दिसतात. हे मी ठरवून केलं नव्हतं, पण श्रेय घेते.

यात्रेला गाडी गेली. गुलाल दुसऱ्या धुण्यात गेला. मडगार्डाच्या खालच्या कडेला, जिथं चिखल लागून थर आधीच ओरखडला होता, तिथं थोडा गुलाबी राहिला आहे. तो काढायचा तर अख्खं मडगार्ड परत मारावं लागेल, म्हणून राहू दिलाय. हिरव्याचं सूत्र मी डब्याच्या झाकणावर, मिस्त्रींच्या वहीत आणि आमच्या लॅबच्या रजिस्टरात अशा तीन ठिकाणी लिहून ठेवलं आहे. हार्डनर न घातलेला अर्धा लिटर उरलाय. दादाला तो आपल्या पिकअपच्या आरशांना मारायचा आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.